सुगीच्या लिलावातली शेळी

हे कुणी वाचायला घेतलंच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडी ओल्या मातीतून चालत गेल्यासारखं आहे. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला कधी उमगलं नाही. जिथे जी बसेल तिथे ती दिली आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, दुधनीला. घरात आई कानडीत रागवायची आणि शाळेत गुरुजी मराठीत. दोन्हीकडे मी गप्प बसायचे, आणि ती सवय पुढेही सुटली नाही. चर्चच्या मंडळीत बायकांच्या प्रार्थनेला जाते, पण एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची वेळ आली आणि माझ्या शेजारणीपर्यंत पाळी पोचली, की मी चहा ठेवायला उठते. आता तर मी शेजारी बसलेली दिसले, की बायका आपणहून म्हणतात, चहाची वेळ झाली वाटतं.

म्हणून लिहिते आहे. तोंडानं सांगायला गेले तर मधेच कुणी हसेल आणि मी थांबेन. कागद हसत नाही.

मी सोलापुरात मिशनच्या दवाखान्यात कामाला आहे. गॉज कापायचं, घड्या घालायच्या, पट्ट्या गुंडाळायच्या, डबे भरून वाफेच्या मशीनला लावायचे. मला हे काम आवडतं. गॉज काही विचारत नाही. मालक गेल्यापासून मी एकटीच असते, मुलगी सासरी आहे. पगार बेताचा, पण एका पोटाला पुरतो.

सीना नदी म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात ती जागा. ती नदी आहे हे लोक विसरत चालले होते. त्या साली भाद्रपदात तिनं सगळ्यांना आठवण करून दिली. गावंच्या गावं पाण्यात गेली. पाणी ओसरायला लागलं तशा आमच्या डॉक्टरबाई औषधं घेऊन निघाल्या. बरोबर एक सिस्टर आणि गाडीचा ड्रायव्हर. दवाखान्याची स्वयंपाकीण रजेवर होती, म्हणून बाईंनी मला विचारलं, स्वयंपाक येतो का. मी मान हलवली. तेवढ्यावर माझी निवड झाली.

मोडनिंबच्या पुढे आत वळून एक गाव लागतं. तिथली शाळा उंचावर, म्हणून कोरडी राहिलेली. आम्ही तिथे उतरलो. खाली सगळीकडे चिखल आणि कुजलेल्या कांद्याचा वास. ताप, जुलाब होतेच, पण सगळ्यात जास्त होत्या चिखल्या. दिवसचे दिवस पाण्यात उभं राहून माणसांच्या पायाची बोटं सडल्यासारखी झाली होती. सकाळी रांग लागायची ती सगळी अनवाणी. मला माणसांपेक्षा त्यांचे पायच जास्त आठवतात.

डॉक्टरबाईंची प्रार्थना मला फार आवडायची. त्या देवाशी किराणा दुकानदाराशी बोलावं तसं बोलत. प्रभू, कापूस संपत आला आहे, पट्ट्या उद्यापर्यंत पुरतील, तापाच्या गोळ्या आहेत, त्यांची घाई नाही. आमेन. मग उठून कामाला लागत.

पट्ट्या मागितल्या त्या दिवशी दुपारी सोलापूरहून एक टेम्पो आला. आम्ही सगळे धावत बाहेर गेलो. टेम्पोभर चादरी होत्या. सोलापूरच्या माणसाला मदत कर म्हटलं की तो चादर देतो, त्याला दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्ट्या मागितल्या, पुन्हा चादरी आल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, उद्या चादरी मागून बघा की. म्हंजी पट्ट्या येतील."

डॉक्टरबाई हसल्या, पण मला काळजी वाटली. डब्यात काय उरलंय हे मलाच माहीत होतं. मी माझं जुनं पांढरं लुगडं काढून फाडायला बसले. तेव्हा शेजारच्या गावच्या देवळातले पुजारी जुलाबाचं औषध घ्यायला आले होते. त्यांनी मला बघितलं, काय चाललंय ते विचारलं. मी काय बोलणार? सिस्टरनं सांगितलं. ते गोळ्या घेऊन गेले आणि संध्याकाळी मोटरसायकलवर एक मोठं गाठोडं बांधून परत आले. त्यात धोतरं होती. पांढरी, मऊ, कोरी. लोकांनी देवाला वाहिलेली.

डॉक्टरबाईंनी हात लावायच्या आधी विचारलं, आम्ही ही फाडली तर चालेल का. पुजारी म्हणाले, "देव एका वेळी एकच नेसतो. बाकीची पेटीतच पडून असतात."

त्या धोतरांच्या पट्ट्या मी फाडल्या, उकळल्या, शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून वाळवल्या. त्या गावात जे पाय बरे झाले, ते त्या धोतरांत बरे झाले. मी मनात म्हटलं, देवा, तुझ्या वाटा तूच जाणे. मोठ्यानं काही म्हटलं नाही.

आजी आली ती पोलीस पाटलांच्या ट्रॉलीत बसून, मांडीवर काळीभोर शेळी घेऊन. सांगोल्याकडची मेंढपाळ. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन चराईला नदीकाठी उतरले होते, ही त्यांच्याबरोबर. पुरात निम्मी मेंढरं गेली. उरलेली घेऊन मुलगा माळावर गेला आणि हिला चालवेना म्हणून पाटलांच्या ओसरीवर ठेवून गेला. पायात बाभळीचा काटा मोडला होता, त्याच पायानं ती चिखलातून चालली होती. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, तर साखर भरमसाट. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, अंगठ्याजवळ काळा पडत चाललेला.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, आजी, सोलापूरला चला. रोज धुऊन पट्टी केली, इंजेक्शनं दिली, तर पाय वाचेल. इथे राहिलात तर कापावा लागेल.

"पाय ऱ्हाऊ द्या हो," आजी म्हणाली. "शेळीचं काय करू?"

पाटलांकडे ठेवा, असं सिस्टर म्हणाली. पाटील तिथेच उभे होते.

"त्येंच्याकडं पावणे लई येत्यात," आजी म्हणाली.

पाटील सोडून सगळे हसले. मग पाटीलही हसले. आजी मात्र हसली नाही. तिनं सांगितलं, मेंढरं पोराची, खोपट पोराचं, भांडी सुनेची. ही शेळी तेवढी माझी आहे, आणि गाभण आहे. तिला सोडून मी कुठेही जात नाही.

डॉक्टरबाईंनी पुष्कळ समजावलं. आजी शेळीच्या कानामागे खाजवत बसली. बाई थकून उठल्या, आणि तेव्हा कुणीतरी म्हणालं, "शेळीबी घेऊन चला. मी बघते तिच्याकडं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं की हे मीच बोलले. ड्रायव्हर म्हणाला, या गाडीतून आजवर साप चावलेली माणसं नेली, बाळंतिणी नेल्या, शेळी ही पहिलीच. मग त्यानंच मागे चादरी अंथरल्या. चादरींना तोटा नव्हताच.

दवाखान्यात आजीनं अट घातली. तिची खाट खिडकीपाशी होती. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मी शेळी खिडकीखाली आणून दाखवायची. "दिसली न्हाय त्या दिशी मी उठून जाणार," तिनं मला बोट दाखवून सांगितलं. ती जाईल याबद्दल मला शंका नव्हती. असल्या बायका मी ओळखते, मी अशाच बाईची लेक आहे. आणि मधेच उठून गेली तर पाय जाणार, हे डॉक्टरबाईंनी मला वेगळं सांगितलं होतं. म्हणून मी शेळीला लेकरासारखं जपत होते.

शेळी मात्र कुणाला जपत नव्हती. तिनं आवारातली जास्वंद खाल्ली, मेट्रनबाईंच्या वाळत घातलेल्या साडीचा पदर चघळला, एकदा औषधाच्या दुकानात शिरून पुठ्ठ्याचं खोकं खाल्लं. वॉचमन रोज मला सुनावायचा. मी मान खाली घालून ऐकायचे आणि शेळी मान वर करून ऐकायची.

पुढे सुगीच्या सणाचा रविवार आला. आमच्या मंडळीत त्या दिवशी ज्याच्या शेतात, परड्यात जे पिकलं असेल ते लोक देवाला आणतात. शेत नसेल तो बाजारातून आणतो. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, कडक भाकरीची चवड. उपासना झाली की सगळ्याचा बाहेर लिलाव होतो. लिलावात किमतीला काही अर्थ नसतो. देवाच्या कामाला पैसे द्यायचे म्हणून एकेक लिंबू पाचशेला जातं, आणि ते घेणारा पुन्हा ते लिलावाला देतो. त्या साली सगळा पैसा पूरग्रस्तांच्या औषधांना जाणार होता. डॉक्टरबाईंना अजून नदीकाठची बरीच गावं करायची होती.

त्या सकाळी वॉचमन म्हणाला, आज पाहुणे येणार, शेळी आवारात दिसता कामा नये. मी तिला शेजारच्या आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात कडुलिंबाखाली नेऊन बांधलं. सावली होती आणि वॉर्डाच्या खिडकीतून ती दिसत होती. आता, सुगीच्या सणाला त्याच कडुलिंबाखाली जे बांधलेलं असतं ते अर्पणाचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी बघते. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त ऊन आणि गाभण शेळी होती. मी बांधलं आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. बाहेर संडे स्कूलच्या मुलींनी कोंबड्यांच्या टोपल्यांना झेंडूच्या माळा घातल्या, तशी एक शेळीच्या गळ्यातही घातली. तिनं निम्मी खाल्ली.

लिलाव करणारे आमचे वडील, म्हणजे मंडळीचे पंच, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज असा, की पुढच्या थांब्यावरचा माणूसही पिशवी सावरतो. भोपळा गेला, अंडी गेली, भाकरी तर दोनदा गेल्या. मग ते कडुलिंबाकडे वळले आणि दोर सोडून शेळीला पुढे घेऊन आले.

ही कुणी आणली, त्यांनी विचारलं. कुणीच बोललं नाही. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, गुप्तदान, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमध्ये बोलणं मला या जन्मी जमणार नाही.

बोली चढायला लागली. एक बांधकामाचे ठेकेदार होते, त्यांच्या मुलीचा साखरपुडा बुधवारी होता. त्यांची बायको त्यांना कोपरानं ढोसत होती, बुधवारी लागेलच, बुधवारी लागेलच. बाकीचे एकेक गळाले. ठेकेदार नऊ हजारावर थांबले. वडील म्हणाले, "एकवार!"

मी खिडकीकडे बघितलं. आजी खाटेवर उठून बसलेली दिसत होती. मला वाटलं, हिची शेळी बुधवारी पातेल्यात आणि गुरुवारी ही चिखलात. माझा आवाज काही येईना. म्हणून, थांबा, असं सांगायला मी हात वर केला.

"दहा हजार!" वडील ओरडले. "आपल्या गॉजवाल्या बाईंनी!"

सगळी मंडळी मागे वळली. मी आजवर लिंबावरसुद्धा बोली लावलेली नव्हती. लोकांना इतका आनंद झाला, की कुणीतरी हालेलूया म्हटलं. मी हात खाली घेतला, मान हलवली. मान कशी हलवली कुणास ठाऊक, वडिलांना तो होकार वाटला.

ठेकेदार मजेत आले. अकरा, म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "बाई, रस्सा करणार का पुलाव? आमालाबी बोलवा की." माणूस वाईट नाही, त्यांनी माझ्या मालकांच्या मयताला खांदा दिला होता. पण त्यांची बायको पुन्हा ढोसत होती.

इथे मी गप्प बसले असते, तर माझी सुटका होती. पहिला हात चुकून गेला होता. दुसरा मी चुकून वर केला नाही. बारा. ते तेरा म्हणाले. मी पुन्हा हात वर केला. मला घाम फुटला होता, आणि तरी, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं एवढ्या लोकांना ऐकू जात होतं. ते साडेचौदा म्हणाले. मी हात वर केला. पंधरा हजारावर ठेकेदारांनी हात जोडले. घ्या बाई, म्हणाले, मी कोंबड्यांवर भागवतो.

एरवी लिलावाचे पैसे लोक नाताळपर्यंत देतात. त्या वर्षी खजिनदारांनी सांगितलं, औषधं सोमवारी उचलायची आहेत, सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत द्या, फोनवर पाठवले तरी चालतील. माझ्याकडे तसला फोन नव्हता आणि पाठवायला पैसेही नव्हते. पाळकसाहेब, आमचे पाद्री, माझ्याकडे आले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी सांगितलं की औषधांच्या ऑर्डरला पैसे कमी पडत होते, काल त्यासाठीच प्रार्थना केली होती, आणि आता एका न मागितलेल्या शेळीनं ते पुरे झाले. कुणी बांधली तेसुद्धा कुणाला माहीत नाही.

मी तोंड उघडलं. त्यातून "बरं" एवढंच आलं.

मी शेळीचा दोर घेऊन वॉर्डाकडे निघाले. खिडकीखाली पोचायच्या आधीच आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी आजीला सांगितलं होतं, तुमची शेळी लिलावात गेली. तिनं पट्टीचा पाय खाटेखाली टाकला होता आणि सिस्टर तिला धरून उभी होती. मला बघितल्यावर ती खिडकीचे गज धरून म्हणाली, "माजी शेळी इकलीस व्हय गं?"

"विकली नाही आजी. घेतली."

"माजीच शेळी? इकत घेतलीस?"

मी मान हलवली. या वेळी नीट हलवली.

"कितीला?"

मी सांगितलं. ती खाटेवर बसली आणि हसायला लागली. पोट धरून, दात नसलेलं सगळं तोंड उघडून हसली. सिस्टरही हसली, पलीकडच्या खाटेवरची बाळंतीणही हसली.

"एवढ्यात दोन आल्या असत्या की," आजी म्हणाली. "तुजा देव लई म्हागाचा हाय बया."

पण पाय तिनं परत वर घेतला.

आता पैशाचं. ही शेळी अर्पणाची नव्हतीच, हे पाळकसाहेबांना सांगितलं असतं, तर त्यांनी बोली मोडली असती. तसा माणूस आहे. हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरी येईपर्यंत मी विचार केला. औषधं त्या हिशोबानं सांगून झाली होती. नदीकाठच्या गावांतल्या त्या अनवाणी रांगा मी बघितल्या होत्या. आणि देवापुढे हात वर केला होता, तोही पुन्हा पुन्हा. चुकून केला म्हणायचं तर पहिल्यालाच म्हणता आलं असतं.

माझ्या शेजारी अक्का राहते. तेलुगू आहे, नवरा चादरीच्या मागावर कामाला होता, ती स्वतः विड्या वळते. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे, आणि त्या महिन्याची भिशी अक्काला लागली होती. ते पैसे घराच्या पत्र्यांसाठी होते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी तिच्याकडे पैसे मागायला गेले नव्हते. मी तिच्या उंबऱ्यावर जाऊन नुसती बसले. ती सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. काय झालं, तिनं विचारलं. मी सांगितलं. माझं बोलणं तिला एकटीला नीट ऐकू येतं.

तिचे हात थांबले नाहीत. "म्हणजे तू दुसऱ्याची बकरी दुसऱ्याच्या घरात बांधली, आणि स्वतःच पैसे देऊन सोडवून आणली," ती म्हणाली. "आणि लोक मला येडी म्हणतात."

मी उठायला लागले. तिनं मला बस म्हटलं, आत गेली, आणि डाळीच्या डब्यातून पैसे काढून माझ्या ओच्यात टाकले. मी नको म्हटलं, पत्र्यांचं काय म्हटलं. तर म्हणाली, पाऊस येऊन गेला की आता, पुढच्या पावसापर्यंत पत्र्यांना काय घाई. तिच्या देवळीत तिचा देव आहे. तिनं मला आजवर कधी माझ्या देवाबद्दल विचारलं नाही, मीही तिला नाही. पण त्या संध्याकाळी खजिनदारांच्या हातात पैसे देताना मला वाटलं, पाळकसाहेबांची प्रार्थना अक्काच्या डाळीच्या डब्यापर्यंत कोणत्या वाटेनं गेली असेल?

सोमवारी औषधांची गाडी भरून गेली. डॉक्टरबाईंना सिस्टरनं सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, मी पाळकांशी बोलू का, पैसे परत देतील. मी नको म्हटलं. का, म्हणाल्या. मी म्हटलं, गाडी गेली की. तेव्हा त्या म्हणाल्या, त्या पंधरा हजारांची इंजेक्शनं आणि मलम किती पायांना पुरतील ते मी तुला सांगत नाही, नाहीतर तू अजून एक शेळी घेशील.

आजीचा पाय वाचला. करंगळी गेली, पण ती म्हणाली करंगळीचा तसाही काही उपयोग नव्हता. तिला घरी सोडायच्या दिवशी मुलगा न्यायला आला. मी शेळी आणून दोर तिच्या हातात दिला. तिनं घेतला नाही.

"शेळी तुजी हाय. तू पैकं मोजल्यात."

आजी, असं काय करता, मी म्हटलं. तर तिनं मुलाला साक्षीला उभं केलं आणि माझ्याशी रीतसर बोलणं केलं. आमच्याकडे खेड्यात रीत आहे. ज्याला सांभाळता येत नाही तो आपली शेळी दुसऱ्याला अर्धलीनं देतो. सांभाळणाऱ्यानं चारापाणी बघायचं आणि पिल्लं दोघांत निम्मीनिम्मी. आजी म्हणाली, तुला सोलापुरात शेळी ठेवायला जागा नाही, मी तुझी शेळी अर्धलीनं सांभाळते. तिची स्वतःची शेळी. मी हसले तर ती रागावली. म्हणाली, व्यवहार आहे, हसायचं काय त्यात. मग दोर तिनं घेतला, आणि मुलाच्या मागे मोटरसायकलवर बसून, शेळी मांडीवर घेऊन गेली.

मी अक्काला महिन्याच्या महिन्याला जमेल तसे देत राहिले. पगारात ते दिसत होतं. चहा बिनदुधाचा झाला, लेकीकडे दिवाळीला गेले नाही. अक्का कधी बोलली नाही, पण मला तिच्या छताकडे बघवत नसे. वळवाचा पाऊस पडला त्या दिवशी तिनं घरात चार पातेली मांडली आणि मला हाक मारून दाखवली. रागानं नाही. बघ, कशी वाजतात, म्हणाली. मी घरी येऊन देवाला डॉक्टरबाईंसारखं सांगितलं. प्रभू, अक्काचे निम्मे पैसे फिटले आहेत. निम्मे राहिले आहेत. याची घाई आहे.

नंतरच्याही दोन-तीन महिन्यांत काही झालं नाही. पाऊसकाळ सुरू झाला, अक्काची पातेली वाजत राहिली. मी देत होते तेवढेच देत राहिले.

मग एक दिवस दुपारी मी गॉज कापत होते, तर वॉचमन सांगायला आला, तुमचे पाहुणे आलेत. बाहेर आजी उभी होती, पायात नवी चप्पल, बरोबर मुलगा. शेळीला दोन पिल्लं झाली होती, एक पाट, म्हणजे मादी, आणि एक बोकड. बोकड चांगला वाढवून, सणाच्या तोंडावर, मोडनिंबच्या बाजारात तिनं स्वतः उभं राहून विकला होता. बोकड कितीला गेला ते सांगताना तिचं तोंड फुललं होतं. रीतीप्रमाणे मला त्यातले निम्मे यायचे. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि सगळे माझ्या हातावर ठेवले.

"आजी, निम्मे," मी म्हटलं.

"पाट मी ठिवली की. बोकड तुजा, पाट माजी. झालं न्हाय का निम्मं?"

मी तिला जेवायला घरी चल म्हटलं. ती म्हणाली, गाडीची वेळ झाली, शेळी घरी एकटी आहे. शेळी कशी आहे म्हणून मी विचारलं. "तुजी शेळी बरी हाय," म्हणाली, आणि मुलाच्या आधारानं फाटकाबाहेर पडली. किंचित लंगडत होती. पण चालत होती.

सुट्टी झाल्यावर मी सरळ अक्काकडे गेले. ती विड्यांचे कट्टे बांधत होती. मी पैसे सुपाच्या कडेला ठेवले. आधीचे दिलेले आणि हे मिळून पंधरा हजार पुरे होत होते, वर थोडे उरत होते. अक्कानं ते दोनदा मोजले, कारण भिशीचा पैसा ती नेहमी दोनदाच मोजते. वर उरलेले माझ्या हातात परत दिले, बाकीचे डाळीच्या डब्यात ठेवले, आणि झाकण लावून म्हणाली, फिटले.